गहाणखताच्या सावलीतली दोन घरे : पापळ ते दापुरा

सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाणारी आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळणारी पूर्णा नदी ही वऱ्हाडच्या सपाट काळ्या मुलखाची मध्यरेषा आहे. या मुलखातील जुनी शेतकरी घरे पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशाला वेरूळ-अजिंठ्यासारखे शिल्पवैभव किंवा सातारा-कोल्हापूरकडचे चिरेबंदी वाडे भेटत नाहीत. भेटतात ती मातीच्या जाड भिंतींची, पावसाने दरवर्षी थोडी थोडी झिजणारी आणि मालकाच्या ऐपतीनुसार दरवर्षी पुन्हा लिंपली जाणारी घरे. त्यांचा इतिहास वास्तूपेक्षा कागदपत्रांत अधिक सापडतो, आणि त्या कागदपत्रांत सर्वांत जाड गठ्ठा कर्जाच्या दस्तऐवजांचा असतो. अमरावती जिल्ह्यातील पापळ आणि अकोला जिल्ह्यातील दापुरा ही दोन गावे या दृष्टीने एकत्र पाहण्याजोगी आहेत, कारण पहिल्या गावातील देशमुखांच्या घरातून भारताचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख पुढे आले आणि दुसऱ्या गावातील एका परीट शेतकऱ्याच्या घरात, मामाच्या आश्रयाला आलेला भाचा म्हणून, डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, वाढले. ही दोन घरे जातीने, प्रतिष्ठेने आणि जमिनीच्या विस्ताराने एकमेकांपासून दूर होती. सावकाराच्या वहीत मात्र दोन्ही घरांची नावे चढली, आणि त्या वहीला दोन्ही घरांतील मुलांनी आयुष्यभर उत्तर शोधले.

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे जाणारा रस्ता नांदगाव खंडेश्वर या तालुक्याच्या गावावरून जातो. तेथील खंडेश्वराचे यादवकालीन हेमाडपंती देऊळ, म्हणजे चुन्याचा वापर न करता दगडांत खाचा पाडून ते एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीने उभारलेले देऊळ, पाहून पुढे याच तालुक्यातील पापळकडे वळता येते. पंजाबरावांचा जन्म येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम, आणि देशमुखीमुळे देशमुख हे नाव रूढ झालेले. देशमुखी म्हणजे परगण्याचा सारा गोळा करण्याचे वंशपरंपरागत वतन. निजामाच्या अमलात या वतनाला जो मान आणि जो रोख लाभ होता तो १८५३ नंतर, वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर, झपाट्याने ओसरला. सारावसुलीचे काम सरकारी नोकरांकडे गेले आणि बहुतेक देशमुख घराणी प्रतिष्ठेने देशमुख व व्यवहाराने शेतकरी होऊन राहिली. पापळचे घर हे अशाच घरांपैकी एक होते.

वऱ्हाडातील अशा घरांची रचना समजून घेण्यासाठी आधी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन, आणि पांढरी म्हणजे गावठाण, जिथे वस्ती असते ती जागा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते, त्यामुळे तिच्यावर बांधलेली भिंत उभी राहत नाही. म्हणून शेतकऱ्याचे घर शेतात नसून गावात, पांढरीवर असते, आणि शेताकडे जाण्यासाठी बैलबंडीची पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण असलेली कच्ची वाट, असते. घराचे छप्पर बहुधा धाब्याचे, म्हणजे सपाट असते. सागाच्या किंवा बाभळीच्या खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर तुराट्या अथवा पऱ्हाट्या (तुरीची आणि कपाशीची वाळलेली झाडे) अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवला जातो, आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी त्यावर नवी माती टाकून पाणी वाहून जाण्यासाठी हलका उतार दिला जातो. हे काम एक वर्ष चुकले तरी आषाढात घर गळू लागते. आत ओसरी, माजघर, धान्याच्या कणग्या, आणि ऐपतदार घरात पेव, म्हणजे जमिनीत खोल खणून आतून लिंपलेले ज्वारीचे कोठार. मागच्या आवारात बैलांचा कोठा, कडब्याची गंजी आणि गोवऱ्यांचा उडवा. दिवाळीनंतर कपाशीची वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली छतापर्यंत कापसाने भरते, आणि तो विकला जाईपर्यंत त्या घरात दिवा जपून लावावा लागतो. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून केली जाणारी सीतादही नावाची पूजा वऱ्हाडातल्या अनेक घरांनी आजही सोडलेली नाही.

या घरांत कर्ज कसे शिरले, हे समजल्याखेरीज पुढच्या कोणत्याही गावाचा इतिहास नीट वाचता येत नाही. १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्या शेताचा रोख सारा थेट खातेदाराच्या नावावर बसला. याला रयतवारी पद्धत म्हणतात. तिच्यामुळे शेतकऱ्याला जमिनीवर विकण्याजोगा आणि गहाण ठेवण्याजोगा हक्क प्रथमच इतक्या स्पष्टपणे मिळाला, आणि नेमक्या त्याच कारणाने ती जमीन सावकाराला तारण म्हणून हवीशी झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. युद्ध संपताच ते कोसळले, पण तोपर्यंत ज्वारीखालची पुष्कळ जमीन कपाशीखाली गेलेली होती. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर हा रेल्वेमार्ग अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा या गावांवरून पुरा झाला आणि वऱ्हाडचा शेतकरी कायमचा लिव्हरपूलच्या बाजारभावाला बांधला गेला.

पेरणीला बियाणे, बैलजोडी, मुलीचे लग्न, साऱ्याचा हप्ता, यांपैकी कशासाठीही पैसा हवा तर सावकाराकडे जाणे आले. धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे, म्हणजे मृगात एक मण घेतलेली ज्वारी सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करावी लागे. रोख रकमेला गहाणखत किंवा मुदतखरेदीचा दस्त लागे. मुदतखरेदी म्हणजे ठरलेल्या मुदतीत पैसे परत न केल्यास जमीन विकल्यासारखीच मानली जाईल अशी अट. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पण तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांपुरता होता. मुंबई इलाख्याबाहेर असलेल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, आणि ज्यांच्याकडे दोन वर्षे तग धरण्याइतकी शिल्लक नव्हती त्या घरांच्या जमिनी हातोहात गेल्या.

पापळच्या घराने कर्ज काढले ते मात्र पोट भरण्यासाठी नव्हते. पंजाबरावांचे प्राथमिक शिक्षण गावात, पुढचे चांदूर रेल्वे आणि कारंजा येथे, नंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. (कारंजा हे आज वाशीम जिल्ह्यात असलेले गाव कापसाच्या व्यापारासाठी नावाजलेले होते आणि देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ तेथेच १८८६ मध्ये सुरू झाली.) १९२० साली मुलाने विलायतेला जाण्याचे ठरवले, तेव्हा शामरावांनी जमिनीच्या तारणावर कर्ज उभे केले. खेड्यातील शेतकरी बापाने जमीन गहाण टाकून मुलाला एडिंबरा आणि ऑक्सफर्डला पाठवणे ही त्या काळच्या वऱ्हाडात अतिशय धाडसाची गोष्ट होती, कारण मुलगा नापास झाला असता तर जमीनही गेली असती आणि पदवीही. मुलगा १९२६ मध्ये बॅरिस्टर होऊन आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर डॉक्टरेट मिळवून परतला. घरावरचे कर्ज त्याला ठाऊक होते; शिक्षणाची किंमत जमिनीत मोजावी लागते हे त्याने आपल्याच घरात पाहिले होते, आणि पुढे त्याने जे केले त्याची दिशा येथेच ठरली असे म्हणण्यास हरकत नाही.

पापळहून अमरावतीला परतल्यावर त्या दिशेच्या खुणा शहरभर दिसतात. बहुजन व अस्पृश्य समाजांतील मुलांनी एकत्र राहून शिकावे म्हणून काढलेले श्रद्धानंद छात्रालय, १९२७ मधील अंबादेवी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, आणि १९३२ साली स्थापन झालेली श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यांतील ठळक नावे. या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे नंतर विदर्भभर पसरले. पंजाबरावांनी १९२७ मध्ये मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. विमलाबाई देशमुख पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. पापळचे देशमुख घराणे अशा रीतीने एका पिढीत गावाच्या वेशीबाहेर पडले.

अमरावतीच्या गाडगेनगरात गाडगेबाबांची समाधी आहे. तेथून वायव्येकडे निघाल्यावर थोड्याच अंतरावर वलगाव आणि पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना बाबांनी याच परिसरात, वाटेवरच देह ठेवला. पेढी पुढे पूर्णेला मिळते, आणि तिच्या पलीकडे जमिनीचा पोत बदलत नसला तरी पाण्याची चव बदलते. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर प्रदेशात भूगर्भातील पाणी इतके खारट आहे की ते पिण्यास चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन कडक होते. विहीर असूनही ओलीत नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे. त्यामुळे भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील शेती पूर्णपणे पावसावर आणि काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर अवलंबून राहिली. कपाशी, तूर, ज्वारी, मूग, आणि रब्बीत नुसत्या ओलीवर येणारा हरभरा ही येथील पिके. ज्या प्रदेशात एक पाऊस चुकला की दुसरा आधार नाही, त्या प्रदेशात सावकाराचा ओटा कधी रिकामा राहत नसे.

भातकुली तालुक्यातील ऋणमोचन हे पूर्णाकाठचे तीर्थ याच पट्ट्यात आहे. मुद्गलेश्वराच्या या क्षेत्री पौषातील रविवारी यात्रा भरते आणि येथे स्नान केल्याने माणूस ऋणातून मोकळा होतो अशी श्रद्धा आहे. कर्जाखाली वाकलेल्या मुलखाने आपले मोठे तीर्थ असे निवडावे, यात त्या मुलखाचे दुखणे उघड होते. घर सोडल्यानंतर गाडगेबाबांनी हाती घेतलेले पहिले मोठे लोकोपयोगी काम येथलेच. यात्रेकरू चिखलातून घसरत पाण्याकडे उतरत, म्हणून त्यांनी लोकवर्गणी आणि लोकांचे श्रम जमवून १९०८ च्या सुमारास नदीवर घाट बांधवला.

ऋणमोचनपासून जवळच, मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरा हे गाव आहे. चरित्रग्रंथांत ते दापुरे या नावाने येते. डेबूजीचा जन्म येथला नव्हे. तो २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट, म्हणजे कपडे धुण्याचे बलुते असलेल्या, समाजात झाला. या समाजाला वऱ्हाडात वरठी असेही म्हणतात. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले, त्यात जमीनजुमला गेला, आणि मुलगा आठ वर्षांचा असतानाच ते वारले. विधवा सखुबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला आपले वडील हंबीरराव यांच्या घरी आली. हे घर बलुत्यावर न जगता शेतीवर उभे राहिलेले होते. हंबीरराव आणि त्यांचा मुलगा चंद्रभान यांनी कष्टाने जमीन कमावली होती, गोठ्यात गुरे होती, आणि भाच्याला भाकरीच्या बदल्यात त्या गुरांमागे पाठवण्यात त्या काळी कोणालाही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

डेबूजी शाळेत गेला नाही. सकाळी कोठा झाडणे, शेण काढणे, गुरे सोडून पूर्णेच्या काठी नेणे, त्यांना धुणे, दुपारी झाडाखाली न्याहारी, रात्री गावच्या भजनात टाळ, हा त्याचा दिवस. वय वाढले तसे वखर आणि तिफन हाती आली. वखर म्हणजे पेरणीआधी माती भुसभुशीत करून तण कापणारे आडव्या पात्याचे औत, आणि तिफन म्हणजे तीन नळ्यांतून एका वेळी तीन ओळींत बी सोडणारे पेरणीचे औत. तिफणीमागे सरळ ओळ धरणे हे कसबाचे काम असते, आणि ज्याचा हात त्यात बसला त्याला गावात मान मिळतो. डेबूजीचा हात बसला होता. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणाऱ्या संताची जी प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात आहे, तिच्या मागे कोठा झाडून दिवसाची सुरुवात करणारा हा शेतकरी आहे.

चंद्रभानमामाच्या कर्जाची हकिकत चरित्रकारांनी सविस्तर नोंदवली आहे. अधिक जमीन घेण्याच्या हौसेपोटी मामाने सावकाराकडून कर्ज घेतले, आणि पीक आले की तो हप्ते नेऊन देत राहिला. पण त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि दिलेल्या पैशाची पावती मागण्याचा रिवाज त्याला ठाऊक नव्हता, किंवा ती मागणे म्हणजे सावकारावर अविश्वास दाखवणे असे त्याला वाटत होते. भाचा पावती आणण्याचा आग्रह धरी, मामा तो हसण्यावारी नेई. शेवटी सावकाराने वही काढली तेव्हा तीत मुद्दल होते, व्याजावर व्याज होते, आणि भरलेल्या हप्त्यांची नोंद नव्हती. जमीन गेली. त्या धक्क्याने मामा खचला आणि वारला. घरात आता बायका, लहान मुले आणि एकटा डेबूजी उरला. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यासाठी आली तेव्हा डेबूजीने औत सोडले नाही, शेतातच पाय रोवून त्यांना परतवले, आणि अखेर सावकाराला त्याच्याशी तडजोड करावी लागली, असे चरित्रांत सांगितले आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रामुळे या काळातील हकिकती महाराष्ट्रभर पोचल्या.

याच घरात डेबूजीने रूढीशी पहिली लढाई दिली. १८९२ मध्ये त्याचा विवाह कुंताबाईंशी झाला होता. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची रीत असताना त्याने गोडाचे जेवण केले आणि जातीचा रोष पत्करला. बापाचे घर दारूने गेले, मामाचे घर कर्जाने गेले. सणावारासाठी कर्ज काढू नका, देवाला बकरे कापू नका, हातातली भांडी विका पण मुलांना शिकवा, हा त्याच्या पुढच्या कीर्तनांचा गाभा कोणत्याही पोथीतून आलेला नव्हता, तो याच दोन घरांच्या हिशेबातून आला होता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने दापुऱ्याचे घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात मातीचे गाडगे आणि काठी, एवढ्यावर तो निघाला. एकटी कमावती व्यक्ती अशी निघून गेल्यावर सखुबाई आणि कुंताबाई यांनी ते घर कसे सावरले असेल, याचा विचार त्याच्या थोरवीच्या वर्णनांत फार थोड्या ठिकाणी आढळतो. तो आढळायला हवा. संताच्या त्यागाचा अर्धा भार त्या दोन स्त्रियांनी उचलला होता. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्या संस्थांवर नातेवाइकांचा वारसाहक्क असणार नाही याची दक्षता बाबांनी घेतली. ज्याने जमिनीच्या वारशाची धूळधाण पाहिली त्याने आपल्या मागे कोणासाठी वारसा ठेवला नाही.

पापळच्या मुलाने त्याच दुखण्यावर दुसऱ्या बाजूने उपाय शोधला. १९३० मध्ये पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले, आणि जागतिक मंदीने कापसाचे भाव पुन्हा एकदा कोसळले असताना, १९३३ साली या प्रांतात कर्जलवाद कायदा आला. लवाद म्हणजे दोन पक्षांमध्ये बसून तडजोड घडवणारा. या कायद्याने सावकार आणि कर्जदार यांना मंडळापुढे बोलावून, मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडलेले किती याची छाननी करून कर्ज कमी करण्याची आणि त्याचे हप्ते बांधून देण्याची सोय केली. पुढे इतर प्रांतांनीही अशा मंडळांचा मार्ग धरला. चंद्रभानाच्या हयातीत असे मंडळ असते तर सावकाराची वही एकट्याच्या शब्दावर खरी ठरली नसती. कायदा आला तोपर्यंत दापुऱ्याच्या त्या घराला त्याचा उपयोग उरला नव्हता, पण वऱ्हाडातल्या हजारो घरांना होता. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय मंत्रिमंडळात शेतीचे खाते सांभाळताना पंजाबरावांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संघटना उभी केली आणि डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, ज्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

दापुऱ्याहून मूर्तिजापूरला आल्यावर बाबांनी १९२५ मध्ये सुरू केलेले गोरक्षण व धर्मशाळा पाहता येते. हे शहर शकुंतला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेचे जंक्शन होते. एक फाटा उत्तरेला अचलपूरकडे आणि दुसरा आग्नेयेला यवतमाळकडे जात असे. दोन्ही फाटे मुख्यत्वे कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी टाकलेले होते आणि आता ती गाडी थांबलेली आहे. तेथून लोहमार्गाने किंवा महामार्गाने अकोला गाठावे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ येथे पंजाबरावांच्या नावाने उभे आहे. खारपाणपट्ट्यात पावसाचे पाणी शेततळ्यांत अडवून तेवढ्यावर पीक कसे वाचवायचे, याचे प्रयोग या विद्यापीठाने केले आहेत, आणि दापुऱ्यासारख्या गावांना आज कोणत्याही स्मारकापेक्षा त्यांची गरज जास्त आहे.

हा प्रवास पौषात, म्हणजे साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत करणे सोयीचे. तेव्हा ऋणमोचनची यात्रा भरते, कपाशीची वेचणी चालू असते, तूर कापणीला आलेली असते, आणि गावांकडे जाणारे काळ्या मातीचे रस्ते वाळून कडक झालेले असतात. पावसाळ्यात मुख्य डांबरी रस्ता सोडला की चाक रुतते, आणि पांदणीतून शेतापर्यंत जाणे गावच्या शेतकऱ्यांनाही मुश्कील होऊन बसते.